जागेपणी घालायची नळी

शहरातल्या इस्पितळात डॉक्टर ब्रेक्के पलंगाच्या कडेवर बसले, तेव्हाच योरुनच्या छातीत धस्स झालं. तिच्या स्टोरवेर बेटावर आजाऱ्याला भेटायला आलेला माणूस खुर्चीवर बसतो. पलंगावर बसतो तो पाद्री, आणि तोही शेवटच्या भेटीला.

“उद्या सकाळी नळी घालू,” डॉक्टर म्हणाले. “बेंबीच्या खाली एवढीशी जागा बधिर करायची. तुम्ही जाग्या असाल.”

“जागी?”

“तुमच्या हृदयाला पूर्ण भूल झेपायची नाही, योरुनबाई. आणि मला तुम्ही जाग्याच हव्यात.” त्यांनी स्वतःच्या पोटावर बोट ठेवून दाखवलं. “आधी इथून सुई आत जाईल. सुईतून थोडं कोमट पाणी पोटात सोडू, म्हणजे आतडी जरा तरंगतील, बाजूला होतील. मग सुईतून एक तार. तारेवरून जाडसर नळकांडं, आणि त्याच्यातून तुमची मऊ नळी. ती मग तिथंच राहायची, कायमची. रोज तिच्यातून पाणी आत घ्यायचं, काही तासांनी सोडून द्यायचं. किडनीचं काम ते पाणी करेल.”

योरुनने मान हलवली. हे सगळं तिला आधी एकदा सांगून झालं होतं. पण सुई ‘तुमच्या’ पोटात जाणार आहे असं कुणी म्हणालं की ते नव्यानेच कळतं.

“आत काय चाललंय ते मला दिसत नाही,” डॉक्टर पुढे म्हणाले. “हाताला लागेल तेवढंच. बाकीचं तुम्ही सांगायचं. पाणी सोडल्यावर एकदम लघवीला किंवा शौचाला लागलं, तर तोंड मिटून बसायचं नाही. त्याचा अर्थ सुई भलतीकडे गेली. मूत्राशय भरलेलं असलं तर ते फुग्यासारखं वर येतं आणि नेमकं सुईच्या वाटेत उभं राहतं. म्हणून आधी ते पुरतं रिकामं करायचं. कळलं?”

“कळलं.”

“भीती वाटते?”

“ठीक चाललंय,” योरुन म्हणाली.

पलीकडच्या पलंगावरून आउनेबाई फिस्सकन हसल्या. आउनेबाई शहरातल्याच, बेकरीवाल्याची विधवा. त्यांच्या पोटात अशी नळी कधीचीच होती आणि त्या कसल्याशा तापासाठी येऊन पडल्या होत्या. “डॉक्टर, या बेटांवरच्या लोकांना काही विचारू नका हो. घराला आग लागली तर म्हणतील, आज जरा ऊब आहे.”

डॉक्टर हसले. उठता उठता मात्र त्यांनी सहज म्हणावं तसं म्हटलं, “घरी डायलिसिस करायचं म्हणजे माणूस चोख लागतो. सांगितलेलं तंतोतंत करणारा. सगळ्यांनाच ते जमत नाही. ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी इथलं मशीन आहेच.”

ते गेले, आणि ते शेवटचं वाक्य तेवढं योरुनच्या उशाशी बसून राहिलं.

मशीन म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. बेटावरचा पेडर मशीनसाठी शहरात गेला होता. आठवड्यातून तीनदा रक्त धुवायचं, आणि बोट आठवड्यातून दोनदा, तीही समुद्राने मनावर घेतलं तर. मग तो शहरातच एका खोलीत राहिला. ख्रिसमसला येतो म्हणाला होता. त्याच्या घराचे पडदे अजून खिडक्यांना तसेच होते, उन्हाने विटलेले. योरुन रोज दूध आणायला जाताना ते बघायची. नवऱ्याचं, हालवरचं, तर काय, त्याचे दोन्ही खुबे धरलेले, मेंढ्या त्याच्या, बोट त्याची. लग्नाला तीस वर्षांवर होऊन गेली, पण शहरात तो दोन रात्रींच्या वर कधी राहिला नव्हता. तिसऱ्या दिवशी तो खिडकीशी उभा राहून वारा कुठला आहे ते विचारायचा. म्हणजे मशीन आलं की ती एका किनाऱ्यावर आणि तो दुसऱ्यावर. हे दोघांनी एकमेकांना कधी बोलून दाखवलं नव्हतं. धक्क्यावर तिला बोटीत चढवताना तो म्हणाला होता, “बटाटे मी दोन पाण्यांत उकडायला शिकतोय.” किडनीच्या माणसाचे बटाटे, त्यातला क्षार निघून जावा म्हणून, दोन पाण्यांत उकडावे लागतात. त्याला म्हणायचं होतं ते एवढंच, आणि तिला ते पोचलं होतं.

सकाळी सिस्टर सोलफ्रिडने दंडात इंजेक्शन दिलं. “आता खाली उतरायचं नाही हं. झोक जाईल. भांडं आणते, पडद्याआड मोकळ्या व्हा, मग निघू.”

योरुनच्या अंगावर काटा आला. सुईने नव्हे, भांड्याने.

आता हे कुणाला सांगितलं तर हसू येईल. पण त्या बेटांवर वाढलेल्या बायका अशाच असत. तिकडे संडास घरापासून लांब, बोटीच्या पडवीमागे, वाऱ्याकडे पाठ करून बांधलेला. तिथे जाताना बाई हातात काहीतरी घेऊन निघायची, बादली म्हणा, दोरीचं वेटोळं म्हणा, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं ही कामाला चाललीय. नवऱ्यालासुद्धा कळू नये. योरुनच्या आईने पाच मुलं जन्माला घातली ती शेजारच्या खोलीत पाहुणे कॉफी पीत असताना, आणि पाहुण्यांना पाळणा हलला तेव्हा समजलं. खुद्द योरुनचं बोट एकदा बोटीच्या रहाटात सापडून चिरडलं, तेव्हा तिने ते फडक्यात गुंडाळलं, आलेल्यांना लेफ्से, बटाट्याच्या पातळ पोळ्या, वाढल्या आणि सगळे गेल्यावर पायरीवर बसून घेतलं. हे कौतुकाने सांगितलं जायचं. मुलींना असंच वाढवायचे.

पडदा ओढलेला होता. पण पडदा म्हणजे कापडच. दोन हातांवर आउनेबाई चमचा आपटत होत्या, पलीकडे कुणी खोकत होतं, दाराबाहेर सिस्टरच्या चपला थांबल्या होत्या, तिच्यासाठीच थांबल्या होत्या. योरुन भांड्यावर बसली. पोटात जडपणा होता, पण वाट बंद. तिने डोळे मिटले. पडवी आठवून पाहिली, वारा आठवून पाहिला. काही होईना.

“झालं का, योरुनबाई?” सिस्टर बाहेरून म्हणाली.

उशाशी तोंड खुळखुळायला दिलेला पाण्याचा पेला होता. तिने तो उचलला आणि आवाज होऊ न देता, हळूहळू भांड्यात ओतला. किडन्या गेलेल्या माणसाची लघवी तशीही पाण्यासारखीच फिकी असते. वरून कागद झाकला.

“झालं,” ती म्हणाली.

सिस्टरने कागद जरासा उचलून पाहिलं. “शाब्बास,” ती म्हणाली आणि भांडं घेऊन गेली. त्या ‘शाब्बास’ने योरुनला भाजल्यासारखं झालं.

छोट्या खोलीत टेबलावर तिला उताणी निजवली. डॉक्टरांनी विचारलं, “मूत्राशय रिकामं?” सिस्टर म्हणाली, “हो.” डॉक्टर योरुनकडे वळले. “रिकामं ना?” तेव्हा सांगता आलं असतं. अजून काहीच झालं नव्हतं. पण मग ते भांडं, तो पेला, सिस्टरचं तोंड, आणि ‘चोख माणूस लागतो’. योरुन म्हणाली, “हो.”

पोटावर काहीतरी गार फासलं. हिरवं कापड पसरलं, मधे खिडकीएवढं भोक. बधिर करायच्या सुईचा चटका बसला आणि त्याभोवती एक परकी, जाड जागा तयार झाली. जणू तेवढं पोट दुसऱ्या कुणाचं.

“आता मान उचला. उशीवरून वर. पोट घट्ट, अगदी दगड. मी सांगेपर्यंत खाली टेकायचं नाही.”

योरुनने मान उचलली. हनुवटी छातीला लागली, आणि कापडापलीकडे तिला डॉक्टरांची बोटं दिसली, सुईवर टेकलेली. मानेच्या शिरा थरथरायला लागल्या. दाब आला. दुखत नव्हतं, नुसता दाब, ताक घुसळताना रवी तळाला टेकावी तसा. मग आत काहीतरी पट्कन सुटलं.

“टेका मान. आलो आत. पाणी सोडतोय.”

वर टांगलेल्या पिशवीतून पाणी उतरायला लागलं. आत एक कोमटपणा पसरेल असं सिस्टरने सांगितलं होतं. योरुन त्या कोमटपणाची वाट बघत राहिली. तो आला नाही. त्याऐवजी खाली, अगदी खाली, ओटीत एक कळ उठली. लघवीची. साधी कळ, लहानपणापासून ओळखीची. ती वाढली. मग एवढी वाढली की तिने मांड्या आवळल्या.

‘तोंड मिटून बसायचं नाही.’ शब्द अन् शब्द तिला आठवत होता.

भीती अशी असते हे तिला माहीत नव्हतं. समुद्रावर भीती बाहेरून येते, लाट दिसते, तिच्याकडे तोंड करून नाव धरता येते. ही आत होती आणि दोन्ही बाजूंनी होती. बोललं तर खोटेपणा उघडा पडणार, डॉक्टर कागदावर एक ओळ लिहिणार, आणि मशीन. नाही बोललं तर ते जाड नळकांडं त्याच वाटेने आत. ती स्वतःशी म्हणाली, घाबरल्यामुळे लागलं असेल. घाबरलेल्या मेंढीचंही होतं तसं. जाईल.

“कसं वाटतंय?” डॉक्टरांनी विचारलं.

“ठीक चाललंय.”

“छान. सिस्टर, तार द्या.”

तार बारीक होती, टोकाशी वळलेली, दिव्यात चमकली. डॉक्टरांनी सुईच्या तोंडाशी ती लावली. योरुनला काहीतरी आत सरकल्याचं जाणवलं आणि कळेला एक टोक आलं. डोळ्यांपुढे पेडरच्या खिडकीतले पडदे होते. पिवळे. त्यांच्यामागे कुणीच नाही. आणि अचानक तिला उमगलं की तिच्या पोटाबाहेर उभ्या असलेल्या या दोघांना काहीच दिसत नाहीये. ते अंधारात चाललेत. तिच्या ‘ठीक चाललंय’चं बोट धरून चाललेत.

सिस्टरने ट्रेमधून जाड नळकांडं उचललं.

“थांबा,” योरुन म्हणाली. कुणाला ऐकूच गेलं नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला, आणि या वेळी जे निघालं ते ओरडणं होतं. खोलीबाहेर ऐकू गेलं असणार. “थांबा! मला लागलीय. लघवीला. पहिल्यापासून लागलीय!”

डॉक्टरांचा हात होता तिथे थांबला.

“किती?”

“सहन होत नाही. आणि मी… भांड्यात पाणी ओतलं होतं. पेल्यातलं. मी रिकामी झालेच नव्हते.”

डॉक्टरांनी पाणी बंद केलं, अगदी सावकाश तार मागे घेतली, मग सुई. सिस्टरने लघवीची नळी आणली. ती घालताना योरुनने भिंतीकडे तोंड केलं. पण आता लाजेला जागाच उरली नव्हती. बाटली भरत गेली. डॉक्टरांनी तिच्यात एक कागदी पट्टी बुडवून उजेडात धरली. डायलिसिसच्या पाण्यात साखर असते, माणसाच्या लघवीत नसते. पट्टीचा रंग पालटला.

“आपलंच पाणी,” डॉक्टर म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. “मूत्राशयात होतो मी. अजून एक पायरी पुढे गेलो असतो तर…” त्यांनी हातमोजे काढले, ते खाली पडले, उचललेही नाहीत. “मी विचारलं होतं तुम्हाला.”

“हो.”

“दोनदा विचारलं.”

“हो.”

ते खोलीबाहेर निघून गेले.

सिस्टर सोलफ्रिडने पोटावर पट्टी चिकटवली. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. “मीही फसले,” ती एवढंच म्हणाली, आणि योरुनला ते डॉक्टरांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

वॉर्डात बातमी तिच्याआधी पोचली होती. आउनेबाई कोपरावर उठून बसल्या. “अगं बाई, पेल्यातलं पाणी? मला सांगायचंस! मी मोठ्यानं गाणं म्हटलं असतं. माझं गाणं ऐकून इथले बरेच लोक मोकळे झालेत.”

योरुनला हसू आलं नाही. तिने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. भोक किती मोठं, ते बुजेल की नाही, ताप चढेल का, यातलं काही तिने विचारलं नाही. एकच गोष्ट विचारायची होती आणि तीच विचारण्याची छाती होत नव्हती.

भोक बुजेपर्यंत लघवीची नळी तशीच ठेवली. मधल्या दिवसांत अंगातलं विष वाढलं, तेव्हा मानेत सुई घालून तिला मशीनवर घेतलं. आपलं रक्त लाल नळ्यांमधून भिंतीजवळ जाऊन परत येताना तिने पाहिलं. शेजारच्या खुर्चीतला माणूस झोपला होता, त्याच्या पायात घरातल्या सपाता होत्या. घरातल्या सपाता इथं! योरुनने डोळे मिटून घेतले.

डॉक्टर ब्रेक्के आले तेव्हा तिने विचारलंच. “मला आता इथंच ठेवणार?”

“ते मी अजून ठरवलेलं नाही,” ते म्हणाले. खोटा धीर द्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता. “नळी पुन्हा घालू. या वेळी आंधळेपणाने नाही. सर्जन चिरा देतील, थर उघडून, डोळ्यांनी बघून घालतील. पण तेही बधिर करूनच. तुम्ही जाग्याच.”

“म्हणजे पुन्हा सगळं…”

“पुन्हा सगळं.”

नळी पुन्हा घालायच्या दिवशी सकाळी सिस्टर सोलफ्रिड भांडं घेऊन आली. योरुनचे हात गार पडले होते. “सिस्टर,” ती म्हणाली, “तुम्ही दाराशी उभ्या राहिलात तर मला होणार नाही. आउनेबाईंनाही बाहेर न्या. आणि तो बेसिनचा नळ सोडून ठेवा.” हे बोलताना तिचे कान तापले. सिस्टरने तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग आउनेबाईंना चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि दोघी निघाल्या. “एका लघवीसाठी वॉर्ड रिकामा!” आउनेबाई जाता जाता ओरडल्या. “राजा आला तरी मला कुणी हलवलं नव्हतं!” या वेळी पेल्याची गरज पडली नाही.

सर्जन वयस्कर होते, घाईचे. चिरा देताना योरुन म्हणाली, “दुखतंय.” त्यांनी बधिर करायचं औषध वाढवलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, “आता ओढल्यासारखं होतंय.” मग, “डावीकडे कळ आली.” मग, “गेली.”

“ही बाई फार बोलते,” सर्जन पुटपुटले.

“बोलू दे,” डॉक्टर ब्रेक्के म्हणाले. ते तिच्या डोक्याशी उभे होते.

प्रत्येक शब्दाला तिला घाम फुटत होता. सवय नव्हती. आईला हे ऐकू आलं असतं तर, असं एकदा मनात येऊन गेलं. पण ती सांगत राहिली, कारण गप्प राहिलं की ती कळ पुन्हा येतेय असं वाटायचं, खरी की भासाची ते कळायचं नाही.

नळी बसली. पाणी सोडलं. पहिल्यांदाच तो कोमटपणा आला, कमरेभोवती, कुशीत, पाठीपर्यंत. “लघवीला?” “नाही.” “शौचाला?” “नाही. ऊब वाटतेय.” मग पिशवी खाली जमिनीवर ठेवली आणि सगळे तिच्याकडे बघत राहिले. नळीत जरासं गुलाबी पाणी आलं आणि थांबलं.

योरुनने मान उचलून पाहिलं. “अडकली?”

“हळूच कुशीवर वळा. उजव्या.”

ती वळली. काही नाही. सर्जन खाली वाकले. योरुनला स्वतःच्या हृदयाचे ठोके टेबलाच्या लोखंडात ऐकू येत होते. मग नळीतून धार लागली, आधी गुलाबी, मग फिकी, मग स्वच्छ. पिशवी फुगत गेली. सर्जननी टाके घालायला घेतले.

जखम धरू लागल्यावर डॉक्टर ब्रेक्के एकदा दुपारी आले. “समजा घरी आहात,” ते म्हणाले. “वादळ आहे, बोट नाही. नवरा मेंढ्यांकडे. पिशवीतलं पाणी गढूळ आलं. काय कराल?”

“तुम्हाला फोन.”

“कधी? संध्याकाळपर्यंत बघून?”

“लगेच.”

“मी चिडेन असं वाटलं तर?”

योरुनने पांघरुणाची कड सरळ केली. डॉक्टर वाट बघत राहिले. त्यांना घाई नव्हती. “वाटेलच,” ती शेवटी म्हणाली. “तरी करीन.”

त्यांनी मान हलवली. “तीन आठवडे सिस्टरकडे हात धुवायला शिका. मग जा घरी.”

ज्याच्यासाठी इतकं केलं ते हातात आलं, आणि आनंद होईल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तिला स्टोरवेरचं स्वयंपाकघर दिसलं, खुंटीला टांगलेली पिशवी, खिडकीबाहेर पांढरा झालेला समुद्र, आणि पोटातून बाहेर डोकावणारी ती नळी, जिच्या बाबतीत चुकायला आता आपणच. सर्जन नाही, सिस्टर नाही.

ती भिंतीला धरून व्हरांड्यातल्या फोनपाशी गेली. हालवरने पहिल्याच घंटीला उचलला, म्हणजे फोनपाशीच घोटाळत असणार.

“कशी आहेस?” त्याने विचारलं.

तारेत समुद्र घोंघावत होता.

“सोडताहेत,” ती म्हणाली. “घरी. मला फार भीती वाटतेय, हालवर.”

पलीकडे त्याने खुर्ची ओढल्याचं ऐकू आलं, नंतर त्याचं जड बसणं.

“इथं पण तेच चाललंय,” तो म्हणाला. “ये तर खरी. दोघं मिळून घाबरू.”